फेरिक क्लोराइडचा स्वभाव

आधी नाव सांगतो, मग चिडतो. यमुनाकाकी. आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये त्या तीस वर्षं परिचर होत्या. बाटल्या धुणं, द्रावणं बनवणं, फुटलेली काच वेचणं, पोरांवर ओरडणं, सगळं त्यांच्याकडे. नववीत शाळा सोडलेला माझ्यासारखा माणूस आज घरापासून इतक्या लांब, या लॅबची चावी खिशात घालून फिरतो, तो त्यांच्यामुळे. हे आधीच लिहून ठेवलेलं बरं. पुढं जे लिहिणार आहे त्यात वैतागच जास्त आहे, आणि वैतागाच्या भरात माणूस उपकार विसरतो.

फेब्रुवारी आला. वाड्यांमधून सुपारी सोलून अंगणात पसरली, आंब्याच्या मोहोरावर पहाटेचं दव बसायला लागलं आणि बारावीची प्रॅक्टिकल आठ दिवसांवर आली. बागायतदार दवाला शिव्या घालतायत. मी कपाटातल्या एका तपकिरी बाटलीला घालतोय. बाटलीवर चिठ्ठी आहे: फेरिक क्लोराइड.

लोखंड आणि क्लोरीन यांच्यापासून झालेला हा क्षार. पुस्तकात त्याचे गुणधर्म चार ओळींत आटोपतात. पिवळट तपकिरी खडे, पाण्यात सहज विरघळतात, हवेतला दमटपणा शोषून घेतात. हे लिहिणारा माणूस कुठल्यातरी कोरड्या गावचा असणार. इथं समुद्र खिडकीपासून पाचशे पावलांवर. बूच दोन मिनिटं उघडं राहिलं की खड्यांना घाम फुटतो, थोड्या वेळानं ते एकमेकांना चिकटतात आणि दुपारपर्यंत बाटलीत काकवीसारखा चिखल तयार. बरं, बूच घट्ट लावावं, तर बुचाच्या कडेला तोच चिखल वाळून बसतो आणि पुढच्या वेळी बूच उघडत नाही. मे महिन्यात तर त्याला हवेचीही गरज लागत नाही. माणसाच्या अंगात जेवढी ऊब असते ना, बरोब्बर तेवढ्यात हे खडे वितळतात. मुठीत धरून ठेवावं म्हटलं तरी सोय नाही.

आणि खादाड किती! पहिल्याच वर्षी मी खडे काढायला स्टीलचा चमचा वापरला आणि शनिवारी घाईत तो बाटलीतच विसरलो. सोमवारी काढला तर चमच्याला चाळणीसारखी भोकं. काकींनी तो उजेडात धरला, एका भोकातून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "ए हिंगोली, ह्यानं आता च्या गालायचा काय?"

हिंगोली म्हणजे मी. गाव हिंगोलीकडचं म्हणून. माझं नाव त्यांनी वर्षभर विचारलं नव्हतं.

डागांचं तर सांगूच नये. हाताला लागलं की पिवळं, कपड्याला लागलं की तांबडं, भिंतीला उडालं की विचारूच नका. बेसिनमागच्या भिंतीवर असे शिंतोडे बघून प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं होतं. "गुटखा खाता काय तुम्ही? खरं सांगा." मी तोंड उघडून दाखवलं. उभ्या जन्मात सुपारीचं खांड खाल्लं नाही, आणि सुपारीच्याच मुलखात येऊन हा आळ! "सर, ते फेरिक क्लोराइड आहे," म्हटलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी गुटख्याच्या नव्या ब्रँडचं नाव सांगतोय. शेवटी काकींनी कुणाच्या तरी परसातून बिलिंबी आणली, ती हिरवी, बोटाएवढी, आंबटढाण फळं. ठेचून भिंतीला चोळली. डाग गेला. माझ्या एकुलत्या पांढऱ्या शर्टाचाही गेला. मॅडमनी, म्हणजे आमच्या केमिस्ट्रीच्या शिक्षिकांनी, नंतर समजावलं की बिलिंबीत ऑक्झॅलिक ॲसिड असतं, ते लोखंडाला धरून नेतं. काकींना ॲसिडचं नाव माहीत नव्हतं. फळ माहीत होतं.

मी इथं आलो पत्रे ठोकायला. चक्रीवादळात या कॉलेजचं छप्पर उडालं होतं आणि आमच्याकडची एक टोळी कामाला आली होती, त्यात मी. लॅबच्या वर चढलो तर खाली उघड्यावर शेकडो बाटल्या. निळ्या, हिरव्या, जांभळ्या, तपकिरी. मी वरून बघतच राहिलो. खालून आवाज आला, "ए, खिला पाडशील आनि बाटली फोडशील तर वर येऊन मारीन!" त्या काकी. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी खाली उतरून विचारलं, ही निळी कशाची? त्या म्हणाल्या, "विचारतंस काय, उचल." दोन दिवस मी त्यांच्याबरोबर बाटल्या आत नेत होतो. एकही फुटली नाही. धाडस म्हणून नव्हे, भीती म्हणून. मी कायम घाबरलेलाच असतो, त्यामुळे माझ्या हातून वस्तू सहसा पडत नाहीत. काकींना ते शहाणपण वाटलं असावं. टोळी परत गेली तेव्हा त्यांनी मॅडमना सांगितलं, "ह्याचा हात थरथरत न्हाय. ठेवा ह्याला." मॅडमनी प्राचार्यांना सांगितलं आणि मी मानधनावर मदतनीस झालो.

मानधन म्हणजे दर जूनला नवा करार. कायम व्हायचं तर दहावीची अट. प्राचार्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, एक तक्रार आली की करार संपला. ते वाक्य मी आजही रोज सकाळी चावी फिरवताना ऐकतो. गावाकडं परत जाऊन पत्रे ठोकता येतील, उपाशी कुणी मरणार नाही. पण ज्या माणसाची शाळा नववीत सुटली, त्याला दुसरी कुठली शाळा बाटल्यांना हात लावू देईल? मला हे एकच दार उघडलेलं होतं.

आता त्या वर्षीचं सांगतो. काकींच्या निवृत्तीचं वर्ष. फेब्रुवारी असाच, दवाचा.

बारावीच्या पोरांना प्रॅक्टिकलला एक सेंद्रिय पदार्थ देतात आणि तो काय गटातला ते ओळखायला सांगतात. फिनॉल असेल तर त्यात न्यूट्रल फेरिक क्लोराइडचे दोन थेंब टाकायचे, गर्द जांभळा रंग येतो. दुसऱ्या कशाला तसा येत नाही. म्हणजे ती बाटली लागतेच लागते. आणि परीक्षा पंधरा दिवसांवर असताना आमच्या बाटलीचं बूच कुणीतरी सैल ठेवलं होतं. आत चिखल, चिखलावर पाणी, पाण्यात एक मेलेला मुंगळा. नवा माल मागवला तो वाटेतच. रोज फोन करायचो, रोज उत्तर यायचं, "निघालाय, निघालाय."

काकी म्हणाल्या, "कशाला त्याच्या पाया पडतंस? बनवू."

पुस्तकातली रीत अशी: तापलेल्या लोखंडावरून कोरडा क्लोरीन वायू सोडा. क्लोरीन! आमच्या लॅबचा धूर ओढणारा पंखा वादळापासून बंद. मग मी सुचवलं, खिळे हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये टाकू. मॅडम म्हणाल्या, "त्यानं फेरस होतं, फिकं हिरवं. आपल्याला फेरिक हवंय. ते गंजातून होतं." लोखंड आधीच गंजलेलं असलं की ॲसिडमध्ये थेट हवं ते क्लोराइड मिळतं. हे ऐकून काकी हसल्या ते हसतच सुटल्या. "गंज? आमच्यात गंज कमी हाय व्हय?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवी भरून गंज आणला. त्यांच्या भावाच्या जुन्या बोटीचा नांगर वाळूत पडून होता, त्याचे पापुद्रे कोयतीनं सोलून. आम्ही ते गोड्या पाण्यानं पाच वेळा धुतले, मीठ जावं म्हणून. वाळवले. आत लोखंडाचे कण राहिले तर पुन्हा हिरवं पडतं, म्हणून मी तुटक्या स्पीकरचं लोहचुंबक फिरवून ते वेचून काढले. मग खिडकीपाशी बसून, तोंडाला ओला रुमाल बांधून, तीव्र ॲसिडमध्ये मंद आचेवर. तांबडा गंज हळूहळू विरत गेला, ॲसिड पिवळं झालं, मग मधासारखं. नाक झोंबत होतं, डोळ्यांतून पाणी, आणि नेमका तेव्हाच आईचा फोन.

"काय करायलास रे?"

"गंज विरघळवायलोय."

"आरं, गंज तं आपल्या पत्र्यावर बी हाय की. त्याच्यासाठी इतक्या लांब गेलास?"

मी फोन कानाशी धरून ढवळत राहिलो.

गाळून घेतलं तेव्हा बाटली इतकी सुंदर दिसत होती की मी ती दोनदा उजेडात धरली. पण ते न्यूट्रल नव्हतं, त्यात ॲसिड उरलेलं होतं. ॲसिड जास्त असलं की जांभळा रंग येतच नाही. ते मोडण्याचं काम काकींचं. अमोनियाचं पातळ पाणी ड्रॉपरमध्ये घ्यायच्या आणि एकेक थेंब सोडून हलवायच्या. थेंब पडला की तपकिरी ढग उठतो, हलवलं की नाहीसा होतो. पुन्हा थेंब, पुन्हा ढग. एक थेंब असा येतो की ढग जात नाही. तिथं थांबायचं, गाळून घ्यायचं. त्या थेंबासाठी काकी श्वास धरून बसायच्या. "आंबट मोडायचा," म्हणायच्या, "पन जास्ती मोडलास तर सगला गाल व्हतो." ळ त्यांच्या बोलण्यात नव्हताच. दहा छोट्या बाटल्या त्यांनी भरल्या, परीक्षेच्या आदल्या दुपारी, आणि त्या घरी गेल्या. जाताना नेहमीचं वाक्य, "तीस वर्सांत माज्या बाटलीनं एक पोर न्हाय रडवला."

संध्याकाळी पाचच्या सुमारास मी टेबलं पुसत होतो. बाटल्यांकडे सहज बघितलं तर तळाशी किंचित धूसर. पाणी गढूळ व्हावं तसं. बाहेरून येणारे परीक्षक सर कडक, मागच्या वर्षी त्यांनी एका मळक्या ब्युरेटवरून अर्धा तास सुनावलं होतं. आणि मला मॅडमचं एक वाक्य पाठ होतं: फेरिक क्लोराइडचं द्रावण गढूळ होऊ नये म्हणून त्यात थोडं ॲसिड घालून ठेवतात. वाक्य खरंच आहे. कपाटातल्या मोठ्या बाटलीसाठी खरं आहे. मी ते न्यूट्रलच्या दहाही बाटल्यांना लावलं. प्रत्येकीत ॲसिडचे चार-चार थेंब. क्षणात धूसरपणा गेला, द्रावण तिळाच्या तेलासारखं लख्ख. मी खूश. खोलीवर जाताना चक्क गुणगुणत होतो.

अर्धं शिकलेला माणूस अडाण्यापेक्षा वाईट असतो, हे मला त्या फेरिक क्लोराइडनं शिकवलं. ढग म्हणजे घाण, लख्ख म्हणजे चांगलं, ही माझी समज. आमच्या घरी पाणी असंच पारखतात.

सकाळी परीक्षक सर आगरदांड्याहून फेरीबोटीनं दिघीला उतरून आले. फेरी उशिरा सुटलेली, त्यामुळे आधीच वैतागलेले. पहिली तुकडी उभी राहिली. अर्ध्या तासानं खिडकीकडच्या टेबलावरून सानिका नावाच्या मुलीनं मला हळूच बोलावलं. "दादा, हे बघ ना. वास फिनॉलचा येतोय, रंग येतच नाहीये. तिसऱ्यांदा केलं." तिच्या टेस्ट ट्यूबमध्ये फिकं पिवळं पाणी. निकालाच्या रकान्यात तिनं 'फिनॉल नाही' लिहिलं होतं, खोडलं होतं, पुन्हा लिहिलं होतं. पेन्सिलीनं कागद फाटायला आलेला. शेजारच्या मुलाचंही तेच. त्याच्या शेजारच्याचंही.

मला कळलं. दहाही बाटल्या मला एकदम दिसल्या, लख्ख, ओळीनं.

सानिका रडायला लागली आणि परीक्षक सर उठून आले. त्यांनी स्वतः थेंब टाकून बघितले. पिवळंच. "हे न्यूट्रल आहे?" त्यांनी बाटली वर धरली. "बाटल्या कोणी भरल्या?"

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. आवाज निघायच्या आत काकी बेसिनवरून हात पुसत आल्या. त्यांनी बाटलीचा रंग बघितला, तांबूस असायला हवा तो पिवळा धमक. मग माझ्याकडे बघितलं. एवढाच वेळ, पापणी लवते तेवढा.

"मी भरल्या, सर. ॲसिड जास्ती पडला माज्या हातून. दहा मिन्टं द्या."

परीक्षक सर म्हणाले, "तीस वर्षं झाली ना तुम्हाला?"

"व्हय. म्हातारी झाले आता."

पोरांना तोवर दुसऱ्या चाचण्या करायला सांगितल्या. काकींनी दहाही बाटल्या बीकरमध्ये ओतल्या आणि ड्रॉपर घेऊन बसल्या. थेंब, ढग, हलवणं. थेंब, ढग, हलवणं. तीस पोरं, मॅडम, घड्याळ बघणारे परीक्षक, सगळ्यांसमोर त्या तशाच श्वास धरून. मला म्हणाल्या, "बगत काय रावलास? गालनकागद दे." मी दिला. हात थरथरत होता, पहिल्यांदाच. गाळलेलं द्रावण सानिकाच्या ट्यूबमध्ये पडलं आणि जांभळा रंग उठला, इतका गर्द, की ती रडता रडता "आई गं" म्हणाली. सगळ्यांना चाचणी पुन्हा करू दिली. कुणाचा मार्क गेला नाही.

गेलं ते काकींचं नाव. परीक्षकांनी अहवालात लिहिलं, द्रावण सदोष. प्राचार्यांनी काकींकडून लेखी खुलासा घेतला. त्यांनी दोन ओळींत लिहून दिला आणि सही केली. मी लॅबच्या दारात उभा होतो. बाहेर आल्या तेव्हा मी म्हटलं, "काकी, मी जातो आत. सांगतो." तर खेकसल्या. "जा! आनि संध्याकालची गाडी पकड हिंगोलीची. माजी लॅब मग कोन बगनार, तुजा बापूस?"

एप्रिलच्या शेवटी त्यांचा निरोप समारंभ झाला. मी प्लेटमध्ये वेफर्स आणि पेढे वाटत होतो. प्राचार्य मनापासून बोलले, वाईट काही नव्हतं त्यांच्या मनात. "तीस वर्षांत," ते म्हणाले, "एक किरकोळ चूक सोडली, तर यमुनाबाईंच्या कामात बोट ठेवायला जागा नाही." लोक हसले, टाळ्या वाजल्या. काकीही हसल्या, पदरानं तोंड पुसत. माझ्या हातात ट्रे होता म्हणून मला टाळ्या वाजवाव्या लागल्या नाहीत.

ते 'सोडली तर' मला सोडत नाही. चिडायचं तरी कोणावर? प्राचार्यांवर चिडू, तर त्यांना माहीतच नाही. त्या क्षारावर चिडू, तर तो त्याच्या स्वभावानं वागला. ॲसिडात जांभळा होत नाही हे तो कधीपासून सांगतोय. स्वतःवर चिडतो, पण त्याची मला लहानपणापासून सवय, त्यानं भागत नाही. मग उरतात काकी. परवा रविवारी मी त्यांच्या कोळीवाड्यात गेलो होतो. वलांडीच्या बांबूंवर बोंबील वाळत टाकत होत्या. मी पुन्हा तोच विषय काढला. त्यांनी बोंबलाची एक जोडी माझ्या हातात दिली, "टांग," म्हणाल्या. टांगली. "ह्या फेब्रुवारीला बाटल्या कोन भरतो?" मी म्हटलं, मी. "मग भर. रडवू नको कोनाला." संपलं. फेडायला जागाच ठेवत नाही ही बाई! उपकार करणाऱ्यानं थोडं तरी ऐकून घ्यावं की नाही?

या वर्षी द्रावण मीच बनवलं. नवा माल वेळेवर आला, तरी एक लहान बाटली गंजातून केली, हात विसरू नये म्हणून. काल थेंब मोजत बसलो होतो. चौदाव्याला ढग थांबला. तळाशी आज सकाळी किंचित धूसर दिसलं. मी फक्त पुन्हा गाळलं. ॲसिडच्या बाटलीला हात लावला नाही, फिनॉलवर दोन थेंब टाकून बघितले, आणि जांभळा आल्यावर खाली बसलो.

मी सतरा नंबरचा फॉर्म भरलाय, दहावीला बाहेरून बसतोय. विज्ञानाची भीती नाही, इंग्रजीची आहे. पास झालो तर कायम जागेसाठी अर्ज करता येईल. तोवर मी एका तक्रारीच्या अंतरावर आहे, म्हणून या लेखात कॉलेजचं नाव नाही. हा भित्रेपणा आहे, मला माहीत आहे.

पण काकी, तुम्ही स्वतःहून वाचायच्या नाहीत, कुणीतरी वाचून दाखवेल म्हणून लिहितो. प्राचार्यांना एक पत्र मी लिहून ठेवलंय. त्या दहा बाटल्यांत ॲसिड मी घातलं, यमुनाबाईंनी नाही, त्यांचा खुलासा फाइलमधून काढावा, एवढंच त्यात आहे. खाली माझी सही आहे, तारीख नाही. एक दिवस तारीख टाकणार, आणि पत्र द्यायला तुम्हाला बरोबर घेऊन जाणार. शिव्या दिल्यात तरी नेणार. तुमच्या तीस वर्षांतलं ते 'सोडली तर' मी खोडून आणणार आहे.